निपाणीच्या जमिनीचा कायदा लॉ कॉलेजच्या लायब्ररीत कसा शोधायचा?

प्रश्न असा आला आहे: "मी निपाणीची. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बी.कॉम. यंदा बेळगावात तीन वर्षांच्या एलएल.बी.ला प्रवेश घेतला. कायदे आणि निकाल सगळे मोबाइलवर मिळतात, मग लॉ कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन करायचं काय? आमच्या घरच्या जमिनीचं कूळकायद्याचं जुनं प्रकरण आहे; तो कायदा मराठी पुस्तकातून वाचला तर चालेल का? माझं इंग्रजी कच्चं आहे."

मी या भागात कायद्याच्या ग्रंथालयात अनेक वर्षं काम करतो आहे. तुमचा मधला प्रश्न आधी घेतो, कारण त्यात नुकसान होण्यासारखं आहे.

मराठी पुस्तकं अवश्य वाचा. करार, पुरावा, हिंदू कायदा, राज्यघटना हे विषय एकदा मराठीतून समजले की इंग्रजी पुस्तक अंगावर येत नाही. पण जमीन महसूल, कूळ, मुद्रांक, भाडे, ग्रामपंचायत हे राज्याराज्यांचे विषय आहेत. पुण्या-कोल्हापुरात छापलेलं पुस्तक या विषयांवर बोलतं तेव्हा ते महाराष्ट्राचा कायदा सांगत असतं. त्यातली महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. आपल्याकडे लागू आहे तो कर्नाटक जमीन महसूल कायदा १९६४ चा. हक्कनोंदणीतली नोंद खरी मानायची हे तत्त्व दोन्हीकडे आहे, पण तिकडे ते कलम १५७ मध्ये आणि इकडे १३३ मध्ये. नोंदीवर अपील करायचं तर तिकडचं पुस्तक कलम २४७ दाखवेल. इकडे कलम १३६ चं पोटकलम दोन, प्रांताधिकाऱ्यांकडे, आणि त्यानंतर पोटकलम तीनखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे फेरतपासणी. चिकोडीच्या प्रांत कचेरीत द्यायच्या अर्जावर महाराष्ट्राचं कलम टाकून आणलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांची बाजू खरी असते, मराठीही चोख असतं, फक्त कायदा पलीकडचा असतो. म्हणून मराठी पुस्तक हातात घेतलं की पहिल्या पानावर बघा: ते कुठल्या राज्याच्या कायद्यावर आहे?

कूळकायद्यात तर ही गफलत जास्तच महागात पडते. एकाच घरातल्या दोन बहिणी, एक पलीकडे महाराष्ट्रात कागलला दिलेली, दुसरी इकडे निपाणीला. दोघींच्या सासरी कुळाची जमीन. कागलच्या घरात सगळा हिशेब १ एप्रिल १९५७ पासून, म्हणजे कृषक दिनापासून सुरू होतो. त्या दिवशी कुळाने जमीन विकत घेतली असं कायद्यानेच मानलं. निपाणीच्या घरात हिशेब त्या तारखेवर चालत नाही. इथे कर्नाटक जमीन सुधारणा कायदा, नाव १९६१ चं, अमलात आला २ ऑक्टोबर १९६५ ला, आणि मोठा बदल केला तो त्याच्या १९७४ च्या दुरुस्तीने. १ मार्च १९७४ रोजी कुळांकडच्या जमिनी कलम ४४ प्रमाणे सरकारकडे गेल्या आणि कुळाने फॉर्म नंबर सात भरून लँड ट्रिब्युनलकडे कब्जेदारीचा हक्क मागायचा, अशी पद्धत आली. अर्जाची मुदत वाढत वाढत शेवटी ३० जून १९७९ ला संपली. तुमच्या घरच्या प्रकरणात आजोबांनी फॉर्म सात भरला होता का, कधी भरला, ट्रिब्युनलचा आदेश कोणत्या तारखेचा, हे पहिले प्रश्न आहेत. कोल्हापूरच्या पुस्तकात यातलं काहीच सापडणार नाही.

इथूनच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. मोबाइल आजचा कायदा दाखवतो. वकिलाला बहुतेक वेळा लागतो तो घटना घडली त्या दिवशीचा कायदा. सीमाभागात हा फरक इतर जिल्ह्यांपेक्षा फार मोठा आहे, कारण आपल्या गावांचं राज्य बदललं आहे, आणि काही गावांचं एकापेक्षा जास्त वेळा. निपाणी, खानापूर, बेळगाव शहराचा मोठा भाग मुंबई इलाख्यात होता. बेळगावचाच भाग असलेलं शहापूर सांगली संस्थानात, रायबाग कोल्हापूर संस्थानात. सांगली १९४८ मध्ये आणि कोल्हापूर १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना कायद्याने बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका सोडून; तो कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. त्याच कायद्याचं कलम ११९ प्रत्येक सीमाभागातल्या विद्यार्थ्याने पाठच करावं. ते म्हणतं की प्रदेश इकडून तिकडे गेला तरी तिथे चालू असलेला कायदा, नव्या राज्याचं विधिमंडळ तो बदलेपर्यंत, तसाच चालू राहील. म्हणजे राज्य म्हैसूरचं झालं, पण कूळकायदा १९४८ चा मुंबईचाच राहिला, म्हैसूर सरकारने त्यात फेरफार केले, आणि १९६५ मध्ये नवा कायदा आला. महसुलात मुंबईचा १८७९ चा लँड रेव्हेन्यू कोड चालू होता, तो १ एप्रिल १९६४ पर्यंत. वतनं आणि इनामं खालसा झाली तीही मुंबईच्याच कायद्यांनी: परगणा व कुलकर्णी वतनांचा कायदा १९५० चा, वैयक्तिक इनामांचा १९५२ चा. आणि रद्द झालेल्या कायद्याखाली मिळालेला हक्क कायदा रद्द झाला म्हणून बुडत नाही. जनरल क्लॉजेस अॅक्टचं कलम सहा त्यासाठीच आहे.

हे जुने कायदे तुम्ही फोनवर शोधून बघा. सापडला तर महाराष्ट्रात आज आहे तसा, पुढच्या सगळ्या दुरुस्त्यांसकट सापडेल. १९५५ साली बेळगावात तो कसा होता, हे कळायला १९५५ च्या आसपास छापलेलं पुस्तक लागतं. ते लॉ कॉलेजच्या लायब्ररीत मागच्या कपाटात असतं, पाठ निघालेलं, धुळीचं. माझं स्पष्ट मत आहे की सीमाभागातल्या कुठल्याही कायद्याच्या ग्रंथालयाने मुंबई इलाख्याच्या कायद्यांचं एकही जुनं पुस्तक रद्दीत काढू नये. नवी आवृत्ती आली म्हणून जुनी टाकून द्यायची, हा नियम वैद्यकाच्या पुस्तकांना ठीक असेल. आपल्याकडे जुनी आवृत्तीच काही खटल्यांची मूळ आवृत्ती असते.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या कायदे शिक्षण नियमांत लॉ कॉलेजच्या ग्रंथालयासाठी किमान गोष्टी सांगितल्या आहेत: एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर) मॅन्युअल, केंद्राचे व स्थानिक कायदे, क्रिमिनल लॉ जर्नल, एससीसी (सुप्रीम कोर्ट केसेस), कंपनी केसेस, आणि नियतकालिकांचे किमान दहा वर्षांचे मागचे खंड. एका शाखेच्या (फक्त तीन किंवा फक्त पाच वर्षांचा अभ्यासक्रम असलेल्या) कॉलेजला वर्षाला किमान ५०,००० रुपये आणि दोन्ही शाखा असतील तर १,००,००० रुपये ग्रंथालयावर खर्च व्हावेत असंही त्यात आहे. पण दहा वर्षं मागे गेलं तर १९७४ सुद्धा हाताला लागत नाही, १९५६ तर लांबच. त्यामुळे प्रवेश घेतलेल्या कॉलेजच्या लायब्ररीत पहिल्याच आठवड्यात एक फेरी मारा आणि मागचे खंड कुठल्या सालापर्यंत आहेत ते बघून वहीत लिहून ठेवा. बेळगावात १९३९ पासून कायद्याचं शिक्षण देणारं राजा लखमगौडा लॉ कॉलेज आहे. जुन्या गावात जुनी पुस्तकं टिकतात. बार असोसिएशनची लायब्ररी, जुन्या वकिलांच्या घरची कपाटं हेही आपल्या भागातलं धन आहे. पुढे कुणाच्या हाताखाली ज्युनिअर म्हणून राहाल तेव्हा त्यांच्या कपाटात काय आहे ते आधी वाचा.

आता रिपोर्टर, म्हणजे निकालांचे खंड. इथे नवख्या मुलांचा गोंधळ होतो तो नावांचा. आपल्या एकाच गावावरचे निकाल तीन नावांखाली विखुरले आहेत. १९५६ पूर्वीचे मुंबई हायकोर्टाचे: आयएलआर (इंडियन लॉ रिपोर्ट्स) बॉम्बे, एआयआर बॉम्बे, आणि १८९९ पासून निघणारा बॉम्बे लॉ रिपोर्टर. १९५६ ते १९७३ चे म्हैसूरच्या नावाखाली, कारण राज्याचं नाव कर्नाटक झालं ते १ नोव्हेंबर १९७३ ला. त्यानंतरचे कर्नाटकच्या नावाखाली: आयएलआर कर्नाटक, कर्नाटक लॉ जर्नल, एआयआर कर्नाटक. कॅटलॉगमध्ये फक्त "कर्नाटक" टाकून शोधणाऱ्याला पहिला मोठा काळ दिसतच नाही. शहराचं नावही २०१४ पर्यंत इंग्रजीत बेलगाम असंच छापलं जायचं, तेव्हा डेटाबेसमध्ये शोधताना दोन्ही स्पेलिंगं टाकून बघायची.

सायटेशन, म्हणजे निकाल कुठल्या खंडात कुठल्या पानावर आहे त्याचा पत्ता, वाचायला शिकणं हे पहिल्या महिन्याचं काम. एआयआर १९७३ एससी १४६१ आणि (१९७३) ४ एससीसी २२५ हे दोन वेगळे निकाल नाहीत. दोन्हीकडे केशवानंद भारतीच आहे. एआयआरमध्ये साल, कोर्ट, पान असा क्रम. एससीसीमध्ये कंसात साल, मग खंड, मग पान.

पण सायटेशन सापडलं म्हणजे काम संपलं असं नाही. आपल्याच बेळगावचं एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण याहून चांगला धडा मला माहीत नाही.

प्रकाश विरुद्ध फुलवती, (२०१६) २ एससीसी ३६. बेळगावच्या दिवाणी न्यायालयात १९९२ साली एका मुलीने वडिलांच्या मिळकतीत वाटणी मागितली. वडील १९८८ मध्ये वारले होते. दावा चालू असताना ९ सप्टेंबर २००५ रोजी हिंदू वारसा कायद्याचं कलम सहा बदललं आणि मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा मिळाला. प्रश्न होता की हा बदल या मुलीला लागू का. हायकोर्टाने लागू धरला. सुप्रीम कोर्टाने १६ ऑक्टोबर २०१५ ला सांगितलं की नाही: ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असले पाहिजेत आणि मुलगीही. तुम्ही एससीसीचा तो खंड उघडला, हेडनोट, म्हणजे निकालाच्या वरचा सारांश, वाचली, टिपण केलं आणि परीक्षेत किंवा कोर्टात ठोकून दिलं, तर तुम्ही चुकीचा कायदा सांगितला. कारण २०१८ मध्ये दानम्मा विरुद्ध अमर, (२०१८) ३ एससीसी ३४३, या प्रकरणात वडील २००१ मध्येच वारले असूनही मुलींना हिस्सा मिळाला. दोन्ही खंडपीठं दोन-दोन न्यायमूर्तींची, निकाल दोन दिशांना. शेवटी तीन न्यायमूर्तींनी ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा, (२०२०) ९ एससीसी १, मध्ये ठरवलं की मुलीचा हक्क जन्माने येतो, २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, आणि फुलवतीचा निकाल त्या मुद्द्यावर मोडला.

छापील खंडात २०१६ चं पान आजही तसंच आहे. त्यावर "हा निकाल मोडला" असा शिक्का आपोआप उमटत नाही. म्हणून प्रत्येक निकालानंतर विचारायचं: याचं पुढे काय झालं? एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्रावर निकाल उघडलात की पुढे कुठल्या निकालांत तो पाळला, वेगळा काढला किंवा मोडला याची यादी मिळते. या सेवांना पैसे पडतात, विद्यार्थ्याला घरी परवडत नाहीत. कॉलेजने वर्गणी भरली असेल तर लायब्ररीतून लॉगिन मिळतं. तुमच्या फीमधूनच ते पैसे गेले आहेत, तेव्हा मागायला संकोच करू नका. कॉलेजबाहेरून वापरता येतं का तेही विचारा. निपाणीहून रोज ये-जा करणाऱ्या मुलीला संध्याकाळी घरी बसून निकाल वाचता आला तर अर्धी लढाई तिथेच जिंकली.

याच उदाहरणात कर्नाटकापुरती आणखी एक गाठ आहे. २००५ च्या आधीच कर्नाटकाने आपल्यापुरतं कलम ६-ए घालून मुलींना हिस्सा दिला होता. दुरुस्ती कायद्याच्या नावात साल १९९० आहे, तो १९९४ चा कर्नाटक कायदा क्रमांक २३ म्हणून निघाला, आणि अमलात आला ३० जुलै १९९४ ला. नावातलं साल बघून कुणी १९९० पासून हिस्सा मोजला की चार वर्षांचा घोटाळा. शिवाय त्या दिवसाआधी लग्न झालेल्या मुलीला तो लागू नव्हता. महाराष्ट्राचीही अशीच दुरुस्ती होती, पण तारीख २२ जून १९९४. कागलच्या आणि निपाणीच्या बहिणींमध्ये पुन्हा तोच भेद. बेअर अॅक्ट, म्हणजे नुसत्या कलमांचं पुस्तक, वाचताना कलमाखाली बारीक अक्षरात "राज्य दुरुस्ती: कर्नाटक" असं काही छापलंय का ते बघायची सवय लावून घ्या. स्वस्तातल्या बेअर अॅक्टमध्ये या दुरुस्त्या बऱ्याचदा गाळलेल्या असतात. मोठ्या टीकाग्रंथात त्या मिळतात. आणि तो टीकाग्रंथ, दोन-तीन हजारांचा, लायब्ररीतच वाचायचा.

हेडनोटबद्दल एवढंच: ती संपादकाने लिहिलेली असते, न्यायमूर्तींनी नव्हे. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात निकालाचा मूळ मजकूर सर्वांचा आणि संपादकाने स्वतः घातलेली भर त्याच्या मालकीची असा भेद केला आहे. तेव्हा हेडनोटवरून दिशा शोधा, उतारा मात्र परिच्छेद क्रमांकासह मूळ निकालातूनच घ्या. निकालाची झेरॉक्स बिनदिक्कत काढा. पुस्तकं आख्खी झेरॉक्स करू नका.

फुकटात जे मिळतं ते चांगलंच आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. सुप्रीम कोर्टाने २ जानेवारी २०२३ पासून ई-एससीआर खुलं केलं; १९५० पासूनचे अधिकृत निकाल तिथे आहेत. इंडियन कानून हे संकेतस्थळ शोधायला झटपट आहे. केंद्राचे कायदे इंडिया कोडवर, कर्नाटकाचे कायदे राज्याच्या संसदीय कामकाज व विधिमंडळ खात्याच्या संकेतस्थळावर कन्नड आणि इंग्रजी दोन्हींत. ई-कोर्ट्सवर आपल्या जिल्ह्यातल्या खटल्याची तारीख आणि आदेश दिसतात. हल्ली हायकोर्टाच्या निकालावर न्यूट्रल सायटेशन, म्हणजे कोर्टानेच दिलेला क्रमांक, असतं: साल, मग केएचसी (कर्नाटक हायकोर्ट), आणि त्याला जोडून "डी" असेल तर तो धारवाड खंडपीठाचा. आपला जिल्हा धारवाडकडे आहे. ते खंडपीठ २००८ मध्ये फिरतं म्हणून सुरू झालं आणि २०१३ मध्ये कायम झालं. त्याआधीच्या निकालांसाठी मुख्य पीठ, म्हणजे बंगळूर. कुणी "धारवाड खंडपीठाचा १९९८ चा निकाल" असं सांगितलं तर तिथेच थांबायचं.

इंग्रजीची काळजी तुम्ही जितकी करता आहात तितकी करू नका, पण अभ्यास मात्र करावा लागेल. एक पद्धत सुचवतो, ती अनेक मुलांना लाभली आहे. सुप्रीम कोर्टाचे बरेच निकाल आता मराठीत भाषांतरित होऊन त्या कोर्टाच्याच संकेतस्थळावर येतात. एक लहान निकाल घ्या, दहा-बारा पानांचा. आधी मराठी भाषांतर वाचा, मग इंग्रजी मूळ, परिच्छेदाला परिच्छेद लावून. अडलेले शब्द न्याय व्यवहार कोशात बघा; तो महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचा आहे आणि त्यातला मराठी पर्याय इथेही उपयोगी पडतो. भाषांतर समजण्यासाठी आहे, दाखल्यासाठी इंग्रजीच ग्राह्य, हे लक्षात असू द्या. अशा आठ-दहा निकालांनंतर न्यायमूर्तींच्या वाक्याची चाल कळायला लागते.

आणि कन्नड. सीमाप्रश्नाबद्दल आपलं मत काय आहे ते आपल्याजवळ पक्कं ठेवा, मीही ठेवतो. पण पक्षकार पहाणीचा (म्हणजे तिकडच्या सातबाऱ्यासारखा इकडचा) उतारा घेऊन तुमच्यासमोर बसेल तो उतारा कन्नडमध्ये असेल, तहसीलदाराची नोटीस कन्नडमध्ये असेल, खालच्या कोर्टातली साक्ष बऱ्याचदा कन्नडमध्ये लिहिली जाईल. ती वाचता न येणारा मराठी वकील स्वतःच्या मराठी पक्षकाराचंच नुकसान करतो. लायब्ररीत इंग्रजी-कन्नड कायदा शब्दकोश मागा आणि पहाणीतले रकाने समजून घ्या. महसुली शब्द ठरावीक असतात, महिन्याभरात ओळखीचे होतात. जुन्या कागदांत मोडी येईल. शंभर वर्षांपूर्वीचं खरेदीखत किंवा वाटणीपत्र आपल्या भागात मोडीतच असतं. ते वाचणारा जाणकार गाठावा लागतो, आणि लिप्यंतर कोर्टात दाखल करायचं तर ते कुणी केलं याची साक्ष लागू शकते. मोडी वाचणाऱ्या माणसांची माहिती ग्रंथपालाकडे असते. नसेल तर तो शोधून देईल.

सीमाप्रश्नावर निबंध किंवा प्रकल्प करायची इच्छा असलेली मुलं दरवर्षी येतात. त्यांना मी वर्तमानपत्रांच्या कात्रणांपासून सुरुवात करू देत नाही. राज्य पुनर्रचना कायदा, घटनेचा अनुच्छेद ३ (राज्यांच्या सीमा बदलण्याचा), अनुच्छेद १३१ (राज्यांतल्या तंट्यांचा), भाषिक अल्पसंख्याकांसाठी सातव्या घटनादुरुस्तीने आलेले ३५०-ए आणि ३५०-बी, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, आणि महाराष्ट्राने सुप्रीम कोर्टात दाखल केलेला २००४ चा मूळ दावा क्रमांक चार, या क्रमाने वाचा. एवढं टेबलावर ठेवलं की भाषणातलं काय आणि कोर्टात टिकणारं काय, हे वाचणाऱ्याला स्वतःलाच दिसतं.

फौजदारी बाजूलाही तारखेचाच नियम. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. फसवणुकीचं ४२० आता ३१८ च्या पोटकलम चारमध्ये आहे. पण त्या दिवसाआधी घडलेल्या गुन्ह्याला शिक्षा दंड संहितेखालीच होणार, आणि असे खटले अजून कैक वर्षं चालतील. दंड संहितेची पुस्तकं विकून टाकणारे सिनिअर विद्यार्थी दिसले तर ती विकत घ्या.

बाकीच्या सेवा थोडक्यात. बुक बँकेतून सेमिस्टरभरासाठी पाठ्यपुस्तकं मिळतात. पहिल्या आठवड्यात अर्ज करा, नंतर उरत नाहीत. रॅकवरचे आकडे समजून घ्या: ३४२ घटना, ३४५ फौजदारी, ३४६ खासगी कायदा, ३४७ दिवाणी प्रक्रिया, आणि मागे .५४ म्हणजे भारत. तीन मूट (सरावाचे लटके खटले), प्रत्येकी दहा गुण, दोन खटल्यांचं निरीक्षण, आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला एकूण बारा आठवड्यांची इंटर्नशिप हे बार कौन्सिलने ठरवलेलं आहे. आधीच्या मुलांची चांगली मेमोरियल्स (मूटसाठी लिहिलेले युक्तिवाद) लायब्ररीत ठेवलेली असतील तर मागून बघा, उतरवण्यासाठी नव्हे, मांडणी कशी करतात ते कळण्यासाठी. तुमच्याकडे नसलेला खंड हुबळीच्या राज्य कायदा विद्यापीठातून किंवा दुसऱ्या कॉलेजातून मागवता येतो का, हेही ग्रंथपालाला विचारा. बऱ्याच वेळा एका फोनवर स्कॅन येऊन पडतं.

ग्रंथपालाकडे काय आणि कसं मागायचं, हे सगळ्यात कामाचं. "कूळकायद्याचं पुस्तक द्या" म्हणालात तर समोर जे असेल ते मिळेल. असं म्हणा: "निपाणीजवळच्या गावातली जमीन आहे, कुळाचा कब्जा १९५० च्या आधीपासून, फॉर्म सात १९७४ नंतर भरलेला, ट्रिब्युनलचा आदेश अमुक तारखेचा, आदेशाच्या दिवशी कायदा कसा होता तो हवा आणि त्यावरचे आयएलआर कर्नाटकमधले निकाल हवेत." गाव, तारीख, कागद, या तीन गोष्टी सांगितल्या की चांगला ग्रंथपाल अर्ध्या तासात तुमच्यापुढे पाच खंड खुणा घालून ठेवतो. त्याला या कामात आनंद असतो. डायजेस्टमध्ये (निकालांच्या विषयवार सारांशात) "लँड रिफॉर्म्स" या मथळ्याखाली कलम ४४, ४५, ४८-ए आणि ६१ बघा. कब्जेदारी मिळालेली जमीन पंधरा वर्षं विकता येत नव्हती ते ६१ मध्ये आहे, आणि आपल्या भागातले निम्मे तंटे त्याच पंधरा वर्षांत केलेल्या कच्च्या खरेद्यांतून निघालेले आहेत.

तुमच्या घरच्या प्रकरणासाठी येताना पहाणीचा चालू उतारा, जुन्या फेरफार नोंदीची नक्कल, आणि ट्रिब्युनलच्या आदेशाची प्रत घेऊन या. आदेश घरात नसेल तर तहसील कचेरीत प्रकरण क्रमांक सांगून नकलेचा अर्ज करा. क्रमांक माहीत नसेल तर फेरफार नोंदीत तो लिहिलेला असतो. कायदा काय होता आणि निकाल काय आहेत हे लायब्ररीत सापडेल. दावा करायचा की नाही, मुदत राहिली आहे का, हा सल्ला ग्रंथपालाने द्यायचा नसतो, तो वकिलांचा. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तेव्हा अर्ज आईच्या किंवा आजीच्या नावाने होऊ शकतो का, ते कागद बघितल्यावर तिथे विचारा.